नवऱ्याची शीट आणि जिरोनाचा डोंगर

माझा नवरा तोंडानं बोलत नाही, शीटमध्ये लिहितो. आयटीतली माणसं अशी असतात हे लग्नाआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्याकडे किराण्याची शीट आहे, लेकीच्या डेंटिस्टची आहे, आणि एका दिवाळीत फराळाचीही निघाली. तिच्यात चकलीसमोर ‘जबाबदारी’च्या रकान्यात मी होते. मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं की यापुढे तुझी एकही शीट मी उघडणार नाही. तो ‘बरं’ म्हणाला आणि लिहीत राहिला. मीही हट्टाला पेटले की सोडत नाही, त्यामुळे पुढच्या फेब्रुवारीत ‘जिरोना’ नावाची शीट मोबाईलवर आली तेव्हा ती मी न उघडताच बाजूला सारली.

जिरोना हे स्पेनमधलं जुनं शहर. सायकलवाल्यांचं ते काशी-प्रयाग आहे असं मला घरात रोज ऐकवलं जायचं. नवऱ्याचा रविवारचा ग्रुप आहे, पाच मराठी पुरुषांचा. सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे दिवसभर खुर्चीत. रविवारी सकाळी हे लोक सायकली गाडीवर लादून आर्नहेम या डच शहराकडे जातात, तिथल्या टेकड्यांवर दोन-तीनदा चढतात-उतरतात, सफरचंदाचा केक खातात आणि परत येऊन आठवडाभर पोटऱ्यांबद्दल बोलतात. त्या टेकड्यांना ते घाट म्हणतात. कात्रजचा घाट पाहिलेल्या माणसांनी असं म्हणावं याची मला लाज वाटते.

आता माझं ऐका. आम्ही बाडहूव्हडॉर्प नावाच्या गावात राहतो आणि मी जवळच्या विमानतळाच्या कार्गोच्या बाजूला एका ऑफिसात कस्टम्सची कागदपत्रं बघते. जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ. जानेवारीत, पावसात, समोरून वारा असताना, रोज. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला सायकल येत नव्हती. तेहतिसाव्या वर्षी स्पोर्ट्‌स हॉलमागच्या पार्किंगमध्ये एकटीच पडत-झडत शिकले. सायकल सेकंडहँड, काळी, लोखंडी. इथे तिला ओमाफिट्स म्हणतात, म्हणजे आजीबाईंची सायकल. तिच्या हँडलला ब्रेक नसतात. थांबायचं असेल तर पायडल उलटं मारायचं, की चाक जागच्या जागी धरतं. नऊ वर्षं मी अशीच थांबत आले. आमच्या घरात खरी सायकल कोण चालवतं, हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण माझ्याकडे सायकलवाल्यांची ती घट्ट चड्डी नाही.

त्या वर्षी पुरुषांनी ठरवलं की जिरोनाला बायकामुलांनाही न्यायचं. मीटिंग आमच्याकडेच झाली. नवऱ्यानं टीव्हीवर नकाशे लावले. एक रस्ता जुन्या रेल्वेमार्गावरून समुद्रापर्यंत, रूळ काढून सायकलींसाठी केलेला, सपाट. एक पूर्वेकडच्या शेतांतून, दगडी खेड्यांमधून. आणि तिसरा डोंगराचा. शहराच्या बाहेर पडलं की दहा-अकरा किलोमीटर नुसता चढ, वर एक जुनं चर्च. डोंगर पुरुषांना. रेल्वेच्या रस्त्याला ‘फॅमिली रूट’ असं नाव देऊन तो बायकामुलांना. मी सगळ्यांसमोर विचारलं की डोंगरावर मी का नाही. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, तू फॅमिलीला लीड कर, डबेही तुझ्याकडे राहतील. दोघं-तिघं हसले. मी कारण विचारलं, तर म्हणाला, शीटमध्ये आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. तो डोंगर चढायचा, त्याच्या देखत चढायचा, आणि ही चढू शकते हे त्याच्या तोंडून चारचौघांत ऐकायचं. बाकी स्पेनमध्ये काय आहे आणि काय नाही याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मार्च-एप्रिलभर मी ऑफिसातून सरळ घरी आलेच नाही. लांबचा रस्ता धरायचा, तोही वारा तोंडावर येईल असा. कालव्यावरचा पूल दहा-दहा वेळा चढायचा. कुत्रा फिरवायला येणारे एक डच आजोबा मला रोज काहीतरी हरवलंय का म्हणून विचारायचे.

जिरोना सुंदर आहे, याचाही मला राग आला. दगडी अरुंद गल्ल्या, नदीवर ओणवी झालेली पिवळी-तांबडी घरं, चर्चपुढच्या न संपणाऱ्या पायऱ्या. आणि जिकडे बघावं तिकडे घट्ट चड्ड्या. कॅफेत चड्ड्या, पुलावर चड्ड्या. आमचे पाच जण त्यांच्यात असे मिसळले की ओळखूच येईनात. भाड्याच्या सायकली हलक्या होत्या आणि त्यांना ब्रेक हँडलवर होते. पहिल्याच सिग्नलला मी सवयीनं पायडल उलटं मारलं, ते नुसतंच गरगर फिरलं, आणि मी बूट घासत थांबले. लेक मागून डचमध्ये काहीतरी बोलून हसली. मला त्यात विशेष वाटलं नाही. पुण्यात बारा वर्षं स्कूटी चालवली होती, हाताला ब्रेक माहीत होता. संध्याकाळपर्यंत जमलं, असं मी धरून चालले.

दोन दिवस मी फॅमिलीला लीड केलं. शेतात खसखशीची लाल फुलं, वाटेत जुनी स्टेशनं, आता तिथे कॉफी मिळते. पोळीभाजीच्या गुंडाळ्या वाटल्या, कुणाची चेन बसवली, कुणाला सनस्क्रीन दिलं. आर्नहेमला राहणारी एक मैत्रीण होती बरोबर, ग्रुपमधल्याच एकाची बायको, वीज कंपनीत इंजिनीअर. ती म्हणाली, किती छान चाललंय ना, काही टेन्शन नाही. मी तिच्या हातात आणखी एक गुंडाळी दिली.

दुसऱ्या संध्याकाळी खोलीवर मी नवऱ्याला म्हटलं की उद्या मी डोंगरावर येतेय. तो म्हणाला, नको. का नको, तर तेच, मी लिहिलंय ते वाच. मी म्हटलं, मरेन पण वाचणार नाही. त्यावर तो टायरमध्ये हवा आहे का ते बघायला खाली निघून गेला. सकाळी पुरुष निघाले, मी दहा मिनिटं थांबले, डबे आर्नहेमवालीच्या हातात दिले आणि त्यांच्या मागे निघाले.

चढ मला अवघड गेला नाही. मी हे फुशारकीनं सांगत नाही, खरंच नाही गेला. चढ म्हणजे समोरचा वाराच, फक्त आवाज न करणारा. मान खाली घालायची आणि पाय चालू ठेवायचे, हे तर मी नऊ वर्षं करत होते. रस्ता झाडांतून वळत वळत जात होता, पाईनचा वास येत होता. चौथ्या किलोमीटरला ग्रुपमधल्या एकाला मी मागे टाकलं, सहाव्याला दुसऱ्याला. दुसरा तर कडेला बसून ताकदीच्या जेलची पुडी चोखत होता. त्याला मी हात केला. इतकं बरं मला त्या आख्ख्या ट्रिपमध्ये वाटलं नव्हतं.

वर पोचले तेव्हा नवरा चर्चच्या कट्ट्यावर केळं खात होता, बाकीचे दोघं शेजारी. मी सायकल त्याच्यासमोर नेऊन उभी केली. एवढंच हवं होतं मला, एक वाक्य. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सायकलीच्या ब्रेककडे बघितलं, आणि म्हणाला, “आलीस? थांब जरा, सगळे एकत्र उतरू.”

मी थांबले असते. खोटं कशाला बोलू, पाणी प्यायला तरी थांबणारच होते. पण तो आलीस असं म्हणाला, जशी मी भाजी घेऊन आले होते. मी सायकल वळवली आणि निघाले. मागून त्याची हाक आली, ती मी ऐकली आणि सोडून दिली.

पहिली दोन वळणं मजेत गेली. तिसऱ्या वळणावर खालून एक पांढरी व्हॅन आली, रस्त्याच्या मध्यातून. घाबरल्यावर माणसाची अक्कल कुठे असते कोण जाणे, माझी पायात होती. मी जिवाच्या आकांतानं पायडल उलटं मारलं. ते गरगर फिरलं. परत मारलं. हातांनी हँडल गच्च धरलं होतं, पण ब्रेकवर एक बोट गेलं नाही. व्हॅन कशीबशी बाजूला झाली आणि मी झुडपांतून खालच्या चरात गेले. उजवी कॉलरबोन मोडली. व्हॅनवाले म्हातारे गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ बसून राहिले. नवरा आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. तो त्या म्हाताऱ्यांशी बोलला, विम्याच्या लोकांशी बोलला, हॉस्पिटलमध्ये तर सगळ्यांशीच बोलला. मला काही म्हणाला नाही.

परत आल्यावर सहा आठवडे हात गळ्यात. ऑफिस बंद, सायकल बंद, आणि खिडकीतून विमानं मोजायची. मी मनात पक्कं धरून बसले होते की माझ्या पायांत दम नाही असं समजून यानं मला फॅमिलीत ढकललं, आणि आता मी पडले म्हणून तो बरोबर ठरला. एका शनिवारी आर्नहेमवाली भेटायला आली. मी तिच्यासमोर नवऱ्याचा सगळा उद्धार केला. ती ऐकत राहिली आणि मग जरा चाचरत म्हणाली, “अगं, पण ब्रेकचं त्यानं शीटमध्ये लिहिलं होतं ना? आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. मला वाटलं, तुम्ही दोघं बोलला असाल.”

ती गेल्यावर मी डाव्या हातानं शीट उघडली. प्रत्येकाची एक ओळ होती. माझ्या ओळीत लिहिलं होतं: ‘चढ आरामात चढेल, आमच्यातल्या तिघांच्या तरी आधी. उतार नको. घाबरली की पाय उलटे मारते, नऊ वर्षांची सवय आहे. आधी एक-दोन महिने हँड ब्रेकची सायकल देऊन प्रॅक्टिस घ्यायची. डोंगर पुढच्या वर्षी, उतरताना मी तिच्या पुढे.’ फेब्रुवारीपासून होतं ते तिथे. जे वाक्य मला चारचौघांत हवं होतं ते चारचौघांनी वाचलंसुद्धा होतं. एक मी सोडून.

नवरा स्वयंपाकघरात कांदा कापत होता, जाड जाड. मी मोबाईल त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, “हे तोंडानं का नाही सांगितलंस?”

त्यानं सुरी खाली ठेवली. “तू ऐकलं असतंस?”

मी खरंच विचार केला. त्या मीटिंगमध्ये त्यानं पाय उलटे मारतेस असं म्हटलं असतं, तर मी तिथल्या तिथे त्याची शोभा केली असती. जिरोनाच्या खोलीत म्हटलं असतं, तर उशी फेकली असती.

“नसतं ऐकलं,” मी म्हटलं. “तरी सांगायचं.”

कांदा कापून झाला, भाजी झाली, आम्ही तिघं जेवलो. पुढच्या आठवड्यात त्यानं माझ्यासाठी हँड ब्रेकची सायकल आणली आणि हात बरा झाल्यावर स्पोर्ट्‌स हॉलमागच्या त्याच पार्किंगमध्ये माझी प्रॅक्टिस घेतली, शीटमध्ये लिहिली होती तशी. आता मी ती सायकल चांगली थांबवते. त्याला वर्ष होत आलं. ही आरामात चढेल, हे अजून त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.