तलवार सोपवली तो दिवस

माझ्या नवऱ्याला जपानी तलवारीचा नाद होता. नागपूरहून एम.एस. करायला अमेरिकेत आले तेव्हाच हे इआइदो शिकू लागले. इआइदो म्हणजे तलवार म्यानातून उपसायची, हवेत वार करायचा आणि परत म्यान करायची. समोर कुणी नसतं. एडिसनजवळ एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी क्लास भरे. त्यामुळे शनिवारची भाजी मी एकटीच आणायची.

पुढे ह्यांनी एक खरी, जुनी तलवार घेतली. तिचं जुनं तेल अधूनमधून पुसून नवं लावावं लागे, नाहीतर पातं गंजतं. तेव्हा हे ओठांत कागद धरून बसत, कारण श्वासाची वाफही पात्यावर पडू द्यायची नसते.

"अहो, एवढं माझ्याकडे बघा कधी," मी म्हणायची. हे नुसते डोळ्यांनी हसायचे.

मग स्ट्रोक आला. उजवा हात गेला, पायातही फारसा जोर राहिला नाही, बोलणंही जवळजवळ गेलं. एखादा शब्द कसाबसा फुटायचा.

एका दुपारी मी कामावरून आले तर हे जमिनीवर बसलेले, पँट रक्ताने भिजलेली. गुडघ्यांत म्यान धरून डाव्या हाताने तलवार उपसली होती. परत घालताना ती निसटून मांडीत घुसली असावी. इमर्जन्सीत टाके घातले. नर्सने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे त्यांनी मुद्दाम केलं असेल का?"

"नाही, तेल लावत होते," मी लगेच म्हणाले. गाडीत बसल्यावर आठवलं, तेलाची बाटली तर कपाटातच होती. ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

मुलगी शिकागोहून आली. "आई, इट्स नॉट सेफ. गेट रिड ऑफ इट." मी काही बोलण्याआधीच ह्यांनी भिंतीवरच्या क्लासच्या फोटोतल्या शिक्षिकेवर बोट ठेवलं; द्यायची तर त्यांनाच.

मी फोन केला, दुसऱ्या दिवशी त्या आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या जपानी बाई. तलवार दोन्ही हातांनी द्यायची असते. ह्यांना उजवा हात उचलवेना, म्हणून मी तो खालून धरला. तळव्यांवर तलवार आडवी ठेवली. बाई गुडघ्यांवर बसल्या, वाकल्या आणि ती घेतली. "मी सांभाळीन," एवढंच इंग्रजीत म्हणाल्या. त्या गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून झोपले, जेवायलाही उठले नाहीत.

महिन्याभराने बाईंनी फोन केला, "त्यांना नुसतं क्लास बघायला तरी आणा." शनिवारी मी ह्यांना घेऊन गेले. चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, दार उघडलं, व्हीलचेअर काढली. हॉलच्या काचेतून काळ्या पोशाखातली माणसं दिसत होती. सगळ्यांचे उजवे हात एकदम तलवारीच्या मुठीकडे गेले.

"चला, सगळे वाट बघताहेत."

ह्यांनी सीटबेल्ट घट्ट धरून ठेवला. बाई थंडीत तशाच अनवाणी बाहेर आल्या, गाडीपाशी उभ्या राहिल्या. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"घरी," हे म्हणाले. किती दिवसांनी स्पष्ट शब्द फुटला होता.

मी बाईंची माफी मागितली आणि गाडी वळवली. तो क्लास अजून भरतो. आम्ही त्या रस्त्याने जात नाही.