गाजरगवतावर तरोट्याचा उतारा

लोधीखेड्याजवळच्या आमच्या पडितातलं गाजरगवत मी एका पावसाळ्यात, एक पैसाही खर्च न करता संपवलं. यावर माझ्या बायकोचंही दुमत नाही. (बाकी सगळ्यावर आहे.)

त्या पडितावर आमची गंगी गाय चरते. लेक बाळंतपणाला येणार होती आणि तिच्या लाडवांना गंगीचंच तूप हवं, असा सुनंदाचा, म्हणजे बायकोचा, हट्ट होता. पण गाजरगवतानं चारा गिळून टाकलेला! फुलावर यायच्या आत बाया लावून उपटून घ्या, असं ती सांगत होती. मी गणिताचा निवृत्त मास्तर. उपटलेलं गवत पुन्हा उगवणार, मजुरी पुन्हा द्यावी लागणार, हा हिशेब मला सहन होईना.

तेवढ्यात कळलं, की तरोटा, म्हणजे टाकळा, दाट पेरला तर गाजरगवत दबून मरतं. बी फुकट! जामसांवलीच्या देवळाच्या रस्त्याकडेच्या वाळक्या शेंगा ओरबाडून मी पोतं भरलं. दर्शनाहून परतणाऱ्या दोघांनी हे कशाचं औषध म्हणून विचारलं आणि मूठमूठ बी खिशात घातलं. सुनंदाला मात्र मी पत्ता लागू दिला नाही. तिला चकित करायचं होतं.

पाऊस पडला आणि तरोटा असा माजला, की गाजरगवत शोधूनही सापडेना. मी ऐटीत सुनंदाला आणि गंगीला पडितावर नेलं. गंगीनं एक रोप हुंगलं, दुसरं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ शेजाऱ्याच्या कपाशीत शिरली!

तिला ओढून आणेपर्यंत सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"रस्त्याच्या कडेला एवढा तरोटा काहून उभा राह्यते, कधी इचार केला का तुमी?"

"काहून?"

"कोनतं ढोर खात असतं, त उरला असता का?"

तीस वर्षं मी पोरांना गणित शिकवलं, आणि हे एवढं सोपं उत्तर मला आलं नाही! लाजेनं मेल्यासारखं झालं. मग गंगीसाठी चाऱ्याला विकतचं कुटार आलं, सरकीची ढेप आली, आणि तरोटा उपटायला त्याच बाया आल्या. तूप झालं, लाडूही झाले. पण एवढा खर्च वाया कसा घालवायचा, म्हणून सुनंदानं कोवळा तरोटा खुडून रोज भाजी केली, फक्त माझ्या ताटात.

"गाय काय खाते आता?" असं कोणी विचारलं, की ती शांतपणे सांगायची, "गाय घरीच खाऊन राहिली. पडितावर सध्या आमचे मास्तर चरून राहिले."