गोळाभात आणि एकदाच विचारायचं

मी माझ्या होणाऱ्या व्याह्यांना जेवायला बोलावून उपाशी ठेवलं. तेही चांगला विचार करून!

याला कारण 'टिपिकल' हा शब्द. आमचा निखिल पुण्याला नोकरीला लागला आणि दिवाळीला हा शब्द घेऊन अकोल्याला आला. बाप गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसतो, टिपिकल! मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते, टिपिकल! शब्द एवढासा, पण लेकानं त्यात आमचं अख्खं खानदान बसवलं.

पुढे त्यानं पुण्याचीच सायली पसंत केली. तिचे आईबाबा तिला घेऊन आमचं घर पाहायला येणार होते. निखिलला रजा नव्हती, म्हणून फोन. "आई, ते टिपिकल 'घ्या ना जी, घ्या ना जी' करू नको. लोक घाबरतात." म्हणजे लग्न माझ्या पळीवर टांगलेलं!

मी ह्यांना बजावलं, "आज एकदाच विचारायचं."

"आन् नाई म्हटलं त?"

"त पातेलं उचलायचं."

"हे जेवण हाय का परीक्षा?"

पानं वाढली. गोळाभात केला होता, बेसनाचे गोळे घालून, वर कडकडीत तेलाची फोडणी. व्याही म्हणाले, "नको नको, पुरे." त्यांचं दुसरं 'पुरे' तोंडातच होतं, माझं पातेलं ओट्यावर! विहीणबाई म्हणाल्या, "अर्धाच गोळा." मी सुरीनं कापून मोजून अर्धा वाढला. ह्यांचा चेहरा असा, जशा संत्र्याच्या बागेवर गारा पडल्या!

मी स्वयंपाकघरात स्वतःवर खूश होऊन उभी. तेवढ्यात सायली आत आली. डोळे भरलेले.

"काकू, आमचं काही चुकलं का?"

"काहून वं बाई?"

"बाबा म्हणतायत, यांना स्थळ पसंत दिसत नाही, निघू या. सकाळपासून नुसत्या चहावर आहेत ते. मीच सांगितलं होतं, तिकडे नको म्हटलं तरी वाढतात, पोट रिकामं ठेवा."

मी कपाळावर हात मारला. "अवं, निखिलनंच सांगितलं, टिपिकल करू नको!"

"तो?" सायली रडता रडता हसली. "आमची ओळख कशी झाली माहितेय? मी नको नको म्हणत होते आणि यानं आपला अर्धा डबा माझ्या ताटात उलटा केला. तेव्हाच आवडला मला."

घ्या! आणि हा मला शिकवून राहिला!

पोरीनं डोळे पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि ते जड पातेलं एकटीनं उचललं. मी पाहतच राहिले. आपल्या सख्ख्या बापापुढे उभी राहून म्हणते, "बाबा, घ्या ना जी! लाजता काहून?" बोली कच्ची होती, हात मात्र अस्सल आमचा. एका दमात चार गोळे! वर तेलाची धार! व्याही तोंडानं "नको नको" म्हणत होते आणि हातानं ताट पुढे सरकवत होते.

ह्यांना तर जामीन मिळाला! "घ्या भाऊ, आनखी एक! बाई, तुमी बी घ्या!" तिसऱ्या वाढीला लग्न पक्कं झालं. चौथ्या वाढीला व्याह्यांनी पट्टा सैल केला.

पाहुणे गेल्यावर मी भुकेनं पातेलं उघडलं. तळाशी एकच गोळा उरला होता. तो मी ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला. मला मेलीला कोणी एकदाही आग्रह करायची गरज पडली नाही!