फुलांनी सजवलेली बंद गाडी

मंदा गेल्याचं मला गॅरेजवाल्या रफीकभाईंनी फोनवर सांगितलं. मी दुकानात काउंटरवर होते, समोर एक गिऱ्हाईक विहिरीच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह हातात धरून उभं होतं. "ताई, म्याडम गेल्या," एवढंच ते बोलले. मी त्या माणसाला नवा व्हॉल्व्ह दिला, जुना कागदात गुंडाळून दिला, आणि मग आत जाऊन बसले. तासाभरात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चित्र आलं. मंदाचा वर्दीतला जुना फोटो, मागं लढाऊ विमान, विमानाखाली आगीचे लोळ, आणि वर लिहिलेलं... रणरागिणी हरपली. संध्याकाळपर्यंत तेच चित्र फ्लेक्सवर चढून घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर लागलं. ते बघून माझं जे डोकं सणकलं, ते आज इतक्या आठवड्यांनीही उतरलेलं नाही. मंदा कधी विमानात लढली नाही. तिनं कुणावर गोळी झाडली नाही. फौजेच्या गाड्या चालू ठेवणं, सामान वेळेत पोचतं करणं, बिघडलेली यंत्रं दुरुस्त करून पुन्हा कामाला लावणं, हे तिनं चौदा वर्षं केलं. फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या बाईचा फ्लेक्स कुणी लावला नसता.

आम्ही दोघी घोडेगावच्या. माझ्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथं दुकान टाकलं. माझं माहेर बाजारपेठेत, सासर दोन गल्ल्या सोडून. मंदाच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. शाळा सुटली की मी आईनं दिलेला डबा घेऊन गिरणीवर जायची, आणि दळण होईपर्यंत आम्ही पोत्यांवर बसून गप्पा मारायचो. बोलता बोलता मंदा मध्येच गप्प व्हायची, मान तिरकी करून ऐकायची आणि वडिलांना सांगायची की पट्टा सरकतोय. पुढं पुढं ती स्वतःच पट्टा चढवायला लागली. दळणाला आलेल्या बायका नाकं मुरडायच्या. पोरीच्या जातीला हे शोभतं का, असं एकीनं विचारलं तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, की पट्ट्याला जात कळत नाही, पण बोटं कळतात, तेव्हा तिला नीट शिकू द्या. ती पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली आणि तिथूनच सैन्यात अधिकारी म्हणून गेली. ज्या वर्षी माझं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या खांद्यावर तारे लागले.

सुट्टीवर आली की ती दुकानात यायची, माझ्या काउंटरमागच्या स्टुलावर बसायची आणि चहा घेत शेल्फवरचे बेअरिंग हातात घेऊन फिरवत बसायची. नोकरीबद्दल फार बोलायची नाही. हिमालयात कुठंतरी तिचं वर्कशॉप होतं. तिथं थंडीनं डिझेल गोठायचं, लोखंडाला उघडा हात लागला तर कातडी चिकटायची. रोज संध्याकाळी तिला वरून एकच प्रश्न यायचा, की उद्या पहाटे किती गाड्या निघतील. तिनं सांगितलेल्या आकड्यावर वरच्या चौक्यांचं रॉकेल, औषधं, कांदे-बटाटे ठरायचे. एकदा कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या तयारीसाठी काही ट्रक तातडीनं खाली पाठवायचे होते. त्यातल्या तीन ट्रकांच्या ब्रेकवर तिचा भरवसा नव्हता. तिनं ते सोडले नाहीत. वरिष्ठानं आधी गोडीनं सांगितलं, मग आवाज चढवला, मग तिच्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं की ही अधिकारी सहकार्य करत नाही. मला हे सांगताना ती हसली नव्हती. "कांचन, त्या ट्रकात माझी पोरं बसणार होती," ती म्हणाली. तिच्या हाताखालच्या सगळ्या जवानांना ती पोरंच म्हणायची, त्यात तिच्यापेक्षा वयानं मोठेही असत. तेव्हा बायकांना चौदा वर्षांनंतर सैन्यातून बाहेरच पडावं लागे. तिला राहायचं होतं. तिच्या मागून आलेले, तिच्याकडून शिकलेले पुरुष पुढं कर्नल झाले आणि ही सामानाची ट्रंक घेऊन घोडेगावच्या स्टँडवर उतरली. त्या दिवशीही मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

काही वर्षं तिनं चाकणकडं एका कारखान्यात मालवाहतुकीचं काम बघितलं. वडील वारले आणि आई, म्हणजे आमच्या गिरजाकाकू, घरात एकट्या पडल्या, तेव्हा ती कायमची गावी आली. लग्न केलेलं नव्हतं. गावानं तिला झेंडावंदनाला बोलवायचं, नारळ-शाल द्यायची आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरून जायचं, असं ठरवून टाकलं होतं. तेही तसंच चाललं असतं... पण सुमनचं झालं.

गिरजाकाकूंचं माहेर पश्चिमेकडं डोंगरात. तिथल्या आरोग्य केंद्राचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. काकूंच्या भाच्याच्या हळदीला मंदा गेली होती. भर दुपारी वाडीवरून सुमन नावाच्या एका बाळंतिणीला झोळीत घालून केंद्रावर आणलं. मूल सुखरूप होतं, पण हिचं रक्त थांबत नव्हतं. नर्सनं जे करता येईल ते केलं आणि ताबडतोब घोडेगावला हलवा म्हणून सांगितलं. अँब्युलन्स दारातच उभी होती, धुतलेली, चकचकीत. ड्रायव्हरनं चावी फिरवली तर नुसता टक् असा आवाज आला. बॅटरी मेलेली होती. कळवलं होतं, पण वरून कुणी आलं नाही, असं तो सांगत राहिला. मंदा हळदीच्या साडीवरच पळत गेली. तिनं चार माणसं लावून गाडी उतारावरून ढकलायला लावली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. डिझेलमध्ये पाणी झालं होतं. शेवटी टोमॅटोचे क्रेट उतरवून एक पिकअप रिकामी केली, त्यात गोधड्या टाकल्या, आणि मंदा सुमनचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली. घोडेगाव समोर दिसायला लागलं होतं तेव्हा सुमन गेली.

त्या संध्याकाळी मंदा तशीच, साडीला रक्त लागलेली, माझ्या दुकानात आली. रडली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ती गाडी म्हातारी नव्हती, कांचन. तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेली आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून तिनं एवढं सुनावलं, की बाहेर रांगेत बसलेली माणसं उठून दाराशी आली. ते साहेब घाबरट होते पण वाईट नव्हते. तुम्ही बघणार असाल तर बघा, मी आड येत नाही, म्हणाले. मंदानं रफीकभाईंना गाठलं. मूळचे जुन्नरचे, आमच्या दुकानापलीकडं त्यांचं गॅरेज आहे. दर रविवारी सकाळी दोघं रफीकभाईंच्या मोटारसायकलवर डोंगरात जायचे. तेल, पाणी, बॅटरी, टायर, ब्रेक, आतला ऑक्सिजनचा सिलिंडर, स्ट्रेचरची चाकंसुद्धा. ड्रायव्हरला तिनं रोज सकाळी इंजिन सुरू करून गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणायची सवय लावली. तो आधी कुरकुरला. मग त्याच गाडीतून त्यानं स्वतःच्या चुलत्याला सर्पदंश झाल्यावर वेळेत खाली आणलं आणि त्यानंतर त्याची कुरकुर थांबली. काही वर्षं हे असं चाललं. त्या वर्षांत त्या गाडीनं कुणाला दगा दिला नाही. यात बातमी होण्यासारखं काही नसतं, म्हणून हे कुठं छापूनही आलं नाही.

मग साहेब बदलले. नव्या साहेबांना कुणीतरी सांगितलं, की सरकारी गाडीला बाहेरची बाई आणि गॅरेजवाला हात लावतात. त्यांनी मंदाला बोलावून घेतलं. मी तिच्याबरोबर गेले होते, म्हणून ऐकीव सांगत नाही. ते म्हणाले, मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? मंदानं विचारलं, "आणि काल झालं त्याची कुणाची होती?" त्यांना सुमन माहीतच नव्हती. मग साहेब ते वाक्य बोलले, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुम्ही फौजेत होता, मान्य आहे. पण इथं फौज नाही." त्या दिवसापासून तिचं डोंगरात जाणं बंद झालं. ती भांडली, खालपासून वरपर्यंत सगळ्यांची दारं ठोठावली, सभांमध्ये उभी राहून बोलली. हळूहळू लोक तिला टाळायला लागले. बाई लई तापट हाय, सैन्यात राहून डोकं फिरलंय, असं माझ्याच दुकानात उभं राहून माणसं बोलायची. ती तापट होतीच. जे दिसत होतं ते बघून तापायचं नाही तर काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. पोटात होता तो, आणि काही महिन्यांतच सगळं संपलं. शेवटी मी तिला पुण्याला दवाखान्यात भेटले. हात काडीसारखे झाले होते. तिनं पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. पावसाळ्यापासून उभी आहे, म्हणाले. दात-ओठ खाऊन एक अस्सल गिरणीवरची शिवी तिनं दिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली. "सगळे म्हणतील, शांतपणे गेली," मंदा म्हणाली. "तू म्हणू नकोस." म्हणून लिहिते. माझी मैत्रीण शांतपणे गेली नाही. चिडलेली गेली.

शोकसभा मंगल कार्यालयात झाली. पुढारी आले, ते नवे साहेबही आले. दाराबाहेर ती अँब्युलन्स उभी होती. तिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि पुढच्या काचेवर मंदाचा तोच फोटो, मागं विमानासकट. ही रुग्णसेवा त्यांच्या नावानं पुढं चालू राहील, असं एक जण माइकवर म्हणाला. रफीकभाई माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, सकाळी ट्रॅक्टरनं वढून आणलीय ती. मी बघितली." माझं बोलायचं ठरलेलं नव्हतं. मी उठले, माइक घेतला आणि म्हणाले, की मला मंदाविषयी काही सांगायचं नाही. फक्त बाहेरची गाडी सुरू करून दाखवा.

साहेब हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, ताई, ही वेळ नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून गिरजाकाकू बोलल्या. त्यांनी सगळा वेळ मान वर केली नव्हती. बसूनच, मोठा आवाज न करता त्या म्हणाल्या, "हीच येळ हाय."

मागच्या बाजूला डोंगरातली माणसं बसली होती. त्यांच्यातून सुमनचा नवरा उठला आणि बाहेर गेला. मग एकेक करत सगळे उठले. ड्रायव्हरला चावी फिरवावी लागली. टक् असा आवाज आला. त्यानं पुन्हा फिरवली, पुन्हा तोच आवाज. सुमनच्या नवऱ्यानं पुढं होऊन एकेक माळ सोडवली, काचेवरचा फोटो काढला आणि काकूंच्या हातात आणून दिला. माणसं तिथून हलली नाहीत. साहेब आत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होते आणि बाहेर आल्यावर त्यांनी रफीकभाईंना विचारलं, किती दिवस लागतील?

गाडी आता चालते. रफीकभाईंना तिची देखभाल रीतसर दिली आहे, तात्पुरती, असं म्हणतात. झालं ते चांगलं झालं, आता राग सोड, असं घरचे मला सांगतात. मला ते जमत नाही. जे काम चार माणसांसमोर लाज वाटल्यावर एका दिवसात मार्गी लागलं, ते ती जिवंत असताना, हात जोडून मागत असताना का झालं नाही, याचं उत्तर कुणाकडं आहे?

परवा रविवारी सकाळी काकूंकडं गेले. मंदाची खोली आहे तशी आहे, पलंगावरची चादर कोपऱ्यात घडी घालून खोचलेली. काकू कपाटासमोर उभ्या होत्या. त्यांनी बॅटरी काढली, भरदिवसा भिंतीवर तिचा झोत टाकला, विझवली. मग स्टोव्हची पिन तपासली, वातींचा डबा उघडून बघितला. हे मंदानं लावलेलं वळण, दर रविवारचं. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बोलंल ना ती, न्हाई बघितलं तर." आणि बॅटरी हाताला सापडेल अशी उशाशी ठेवून दिली.