हिवाळी खोकला

आमच्याकडे क्षयाला कुणी क्षय म्हणत नसे. ज्याच्या घरी तो असायचा ते लोक ‘हिवाळी खोकला’ म्हणायचे आणि शेजारीपाजारी आपसात ‘तो आजार’ म्हणायचे. नाव घेतलं की आजार घर सोडत नाही, अशी समजूत. लहानपणी मलाही ती खरी वाटायची. आता ‘हिवाळी खोकला’ या शब्दाचा इतका संताप येतो की घरात कुणी खोकलं तरी मी त्याला डॉक्टरकडे पिटाळते आणि काय झालंय ते नावानिशी विचारून यायला लावते. सुना हसतात. हसू देत.

माझा थोरला भाऊ तेव्हा जेलात होता. स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षं झाली असतील. देवरीच्या अलीकडे आमचं गाव, धानाची शेती. धानाला पाणी बोडीचं, म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेल्या लहानशा तळ्याचं. त्या पाण्यावरून भांडणं दरवर्षीची. एका वर्षी पाणी कमी पडलं, बोलाचाली हातघाईवर आली, दादाची काठी एकाच्या डोक्यात बसली आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला. दादानं कोर्टात काही लपवलं नाही. सात वर्षांची सजा झाली. ती चुकीची होती असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण सजा सात वर्षांची होती, जिवाची नव्हती.

तिसऱ्या वर्षी त्याचं पत्र आलं. मी चौथी शिकलेली, म्हणून पत्रं वाचायचं काम माझ्याकडे. खोकल्यातून रक्त पडतं, जेलच्या दवाखान्यात वेगळं ठेवलंय, असं त्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. डॉक्टर भला माणूस होता. त्याला दूध द्यायचा, सुया टोचायचा. पण इथल्या ओलीत हा आजार हटायचा नाही, हे त्यानंच दादाला सांगितलं आणि सुटकेसाठी वर लिहिलं. इतक्या आजारी कैद्याला सरकार घरी सोडू शकत होतं. त्यासाठी घरच्यांनी आजार कबूल करायचा आणि त्याला वेगळं ठेवू, दवापाणी करू, असा जबाब लिहून द्यायचा होता. मी खळ्यावरच्या झोपडीत राहीन, घरात पाऊल टाकणार नाही, माझी भांडी वेगळी ठेव, असं पत्राच्या शेवटी खास माझ्यासाठी होतं.

पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. आई रडली. बाबा म्हणाले, जबाब द्यायला आपण कुठे नाही म्हणतो.

मग शिपाई सायकलवर आला. जबाब पोलीसपाटलाच्या ओसरीवर व्हायचा, पाच पंचांसमोर, आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाया तिकडे जात नसत. बाबा तासाभरानं परत आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, झालं काम, आता वाट पाहायची.

मी वाट पाहिली. झोपडीच्या कुडाला माती लिंपली, जमीन सारवली, तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, जाड गादी केली. एक ताट, एक लोटा, नवा माठ नेऊन ठेवला. दर आठवड्याला पुन्हा सारवायचे, कारण धूळ दादाच्या छातीला चालणार नाही असं वाटायचं. एकदा बाबा तिथे आले, बराच वेळ उभे राहिले. मग विळा घेऊन त्यांनी उगवतीकडचा कूड कापला आणि खिडकी करून दिली. सकाळचं ऊन येईल म्हणाले. मला तेव्हा त्यांच्याबद्दल किती माया वाटली, हे सांगायलाही आता लाज वाटते.

त्याच वर्षी मुर्रीहून माझ्यासाठी स्थळ आलं. दादा आल्याशिवाय लग्न नको, असं मी म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, कागद कुठेतरी अडकला असेल, तोवर येईलही तो. वैशाखात लग्न झालं. दादा आला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर मी माहेरी आले. नवरा न्यायला आला तेव्हा मी हट्टच धरला की आधी दादाला भेटवा. आईनं लाडू बांधून दिले. जेलच्या गावची मोटार कोहमाऱ्याला बदलावी लागे. तिथे चहाच्या टपरीवर बाकावर बसलो असताना मी सगळा धीर गोळा केला आणि नवऱ्याला सांगितलं की माझ्या भावाला क्षय आहे.

त्यानं कपातून तोंडही वर काढलं नाही. “मले माहीत हाय,” तो म्हणाला. सोयरीक व्हायच्या आधी याच टपरीवर त्याच्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या बापानं एवढीच चौकशी केली होती की पोरगी खोकते का. मग तो म्हणाला, “पर तुया बाबानं असा काऊन लिवून देल्ला? पोराले तसा आजार नाई, हिवाळी खोकला हाय म्हणून?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पाच पंचांसमोर तो शब्द तोंडातून काढला तर पोरीचं लग्न जमणार नाही, या भीतीनं बाबांनी अंगठा उठवला होता. पंचांनी घरोघरी सांगितलं होतं, सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, मुर्रीला ठाऊक होतं. फक्त झोपडी सारवणारीला सांगायचं राहिलं होतं. आणि ती खिडकी. ती तर त्यांनी जबाबानंतर कापली होती. कुणी म्हणेल, बापाचं काळीज तुटत असेल. असेल. त्या काळजाचं मला काही करायचं नाही.

जेलात भेट जाळीतून झाली. दादाच्या गळ्याची हाडं मोजता आली असती. त्यानं आधी बैलांचं विचारलं, मग आईचं. माझं बोलणं सुरू व्हायच्या आतच म्हणाला की कारकुनानं बाबांचा जबाब वाचून दाखवला, घरचेच आजार नाही म्हणतात तर सोडणार कशाच्या नावानं. हे तो अगदी शांतपणे सांगत होता. मग त्यानं विचारलं, “तुले माहीत होता का?”

“नाई,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. शेजारणीच्या पोरानं थाप मारली की आपण हलवतो तशी. “जाऊ दे. लगन तं झाला न तुया,” म्हणाला. त्याला हात लावून शपथ घ्यावी म्हणून मी जाळीत बोटं घातली, पण शिपायानं मागे व्हायला सांगितलं.

मुर्रीला परतल्यावर नवऱ्यानं आमच्या घरून जबाब दिला की आम्ही ठेवू त्याला. मी तिथल्या पोलीसपाटलाच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले आणि आजाराचं नाव स्वतः सांगितलं. सुटकेचा कागद निघाला त्याच आठवड्यात दादा जेलातच गेला.

बाबांना मी एकदाच विचारलं. “तुयासाठीच केला,” म्हणाले. दादालाही तेच वाटलं असणार, आणि म्हणून त्यानं त्यांना माफही केलं असेल. मला तर त्यानं तिथल्या तिथे माफ करून टाकलं. मी काहीच केलं नव्हतं, हे त्याला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.