उपाशीपोटीचा आकडा

माझे बाबा किल्ल्या बनवायचे. बाजाराच्या तोंडाशी, चपला शिवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये त्यांची टपरी होती, इतकी अरुंद की आत बसलेल्या माणसाला कूस बदलायची तर आधी बाहेर यावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, पुढ्यात लोखंडी पकड आणि मांडीवर कानशीने घासून पडलेली पितळेची पूड. सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. पोस्टमनसुद्धा.

किल्ल्या घासणं हे रोजचं काम. खरा मान होता तो अडकलेली दारं उघडण्याचा. कुणाचं लॅच आतून बसलं, कुणाच्या किल्ल्या घरातच राहिल्या, की बाबांना बोलावणं यायचं. ते दारापाशी गुडघ्यावर बसत, दोन वाकवलेल्या तारा आत सरकवत आणि डोळे मिटून घेत. कट्ट असा आवाज झाला की दार ढकलत मात्र नसत. उठत, दोन पावलं मागे येत आणि दाराकडे चक्क पाठ करून उभे राहत. घरमालक आत जाऊन "काका, आता बघा" म्हणेपर्यंत वळायचं नाही.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, असं का करता म्हणून. ते म्हणाले, "उघडणं माझं काम. बघणं नाही."

म्हणून लोक घरची किल्ली त्यांच्या हातात देऊन खुशाल भाजी आणायला निघून जात. चाळीस वर्षांत कमावलेलं हे नाव. ते मी घालवलं. कसं, ते सांगते.

मी गणित शिकवते. पोरं मला टरकून असतात आणि ते मला आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू? आपलंच बरोबर असणं ही माझी जुनी खोड आहे. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी असे दोघंच उरलो, तेव्हा ती खोड भागवायला मला एकच माणूस उरला.

बाबांच्या पायाला चप्पल लागली आणि जखम महिनाभर बरी होईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. टाइप टू मधुमेह. गोळ्या सुरू झाल्या, पथ्य आलं, रोजचं चालणं आलं. मी त्याच दिवशी घरी साखर मोजायचं यंत्र आणलं आणि स्वयंपाकघरावर धाड घातली. जॅमची बाटली शेजारी दिली, बिस्किटांचा अख्खा डबा शाळेत नेऊन शिपाईमावशींच्या हवाली केला.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "मास्तरीणबाई, म्हणजे आता मला पाणी आणि उपदेश, एवढंच का?"

"पाणीसुद्धा मोजून," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसापर्यंत आमचं छान चाललं होतं.

मी वहीत दोन रकाने आखले. एक रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांचा, दुसरा सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटीचा. बाबा शहाण्या मुलासारखं बोट पुढे करायचे. इतकी वर्षं कानस धरून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, सुई पहिल्या फटक्यात आत जात नसे. रात्रीचा आकडा बरा यायचा. एकशे चौतीस, एकशे अठ्ठावीस. सकाळचा आकडा बघून मात्र मी चक्रावले. एकशे एक्क्याऐंशी. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याऐंशी.

आधी वाटलं, यंत्र बिघडलं. माझं रक्त तपासलं तर ब्याण्णव. बाबांचे हात साबणाने धुऊन घेतले, पट्ट्यांची नवी डबी आणली. तरी रात्री कमी आणि सकाळी जास्त. मग मी गणित मांडलं. रात्री दहाला एकशे तीस, सकाळी सहाला एकशे नव्वद. मधल्या आठ तासांत साठ वाढले. साखर काय आभाळातून पडते?

"बाबा, रात्री उठून काही खाल्लंत?"

"नाही गं."

"मग ही वाढली कशी?"

"ते तुला कळायचं. तू शिकलेली."

हे ते साधेपणाने म्हणाले असावेत. मला वाटलं टोमणा मारताहेत.

मी खायच्या सगळ्या वस्तू एका कपाटात भरल्या, फ्रिजमध्ये नुसत्या कच्च्या भाज्या ठेवल्या आणि बाबांनाच म्हटलं, कपाटाला कुलूप बसवा. त्यांनी जराही कुरकुर केली नाही. टपरीवरचं सगळ्यात चिवट कुलूप आणलं, कडी ठोकली, दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाले, "घे. आता तरी तुझ्या डोक्याचा ताप जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे शहाऐंशी.

त्यानंतर रोज सकाळी मी पोलिसासारखी ते कपाट उघडून बघायची. साखरेची पातळी, गुळाचा खडा, दुधाच्या पावडरचा डबा. मी कपाट उघडलं की बाबा दोन पावलं मागे जात आणि पाठ करून उभे राहत. मला वाटे, रुसलेत. रुसायला काय झालं, चोरी करायची आणि वर तोरा!

एका संध्याकाळी त्यांनी आपली तारांची पिशवी आणून माझ्या पलंगावर ठेवली. "ही रात्री तुझ्याजवळ राहू दे. म्हणजे तुझी खात्री पटेल."

सकाळी एकशे ब्याऐंशी आली. मी पिशवी परत देताना म्हटलं, "तुम्हाला तारा लागतात कुठे? तुम्ही तर केसांच्या पिनेनेही उघडता." ही त्यांचीच जुनी बढाई होती. ऐन भरात असताना आईची पिन घेऊन त्यांनी अर्ध्या बिल्डिंगची कुलुपं पैजेवर उघडून दाखवली होती. आईच्या पिना अजून आरशामागच्या डबीत होत्या. त्या दिवशी त्यांनी ती डबीही आणून माझ्यापुढे ठेवली.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, घरचे आकडे कसे आहेत? मी वही उघडलीच नाही. म्हटलं, "रात्री चोरून खातात हो." डॉक्टर हसले, म्हणाले, "किल्लीकाका, जिभेलाच एक कुलूप लावा आता," आणि गोळी वाढवून दिली. दोन रकाने त्यांच्यासमोर ठेवले असते तर त्यांना तिथल्या तिथे उमजलं असतं. मी आकडे सांगितले नाहीत, निकाल सांगितला. बाबा खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे ब्याण्णव. माझा तोल गेला. आई अशीच हातातून निसटली होती, दुखणं लपवून लपवून. मी वही आपटली आणि रडायलाच लागले. "मला तुमचं खाणं नाही डाचत, बाबा. खोटं बोलणं डाचतं. एकदा सांगा ना, खाल्लं म्हणून. मी काही बोलणार नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "खाल्लं."

"काय खाल्लंत?"

ते जरा थांबले. "बिस्किटं."

"किती?"

"चार."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी डोळे पुसले, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते माझ्या पाठीवर थोपटत होते आणि म्हणत होते, "झालं ना आता? रडू नको. झालं." मी वहीत एकशे ब्याण्णवच्या पुढे लाल शाईने लिहिलं, 'बिस्किटं ४. कबूल.'

कबुली मिळाल्यावर माझा राग पळाला आणि त्या गोष्टीचा विनोद झाला. मी तो शिक्षकांच्या खोलीत सांगितला, जिन्यात सांगितला, दूधवाल्यापाशी सांगितला. "आमचे बाबा स्वतः बसवलेलं कुलूप स्वतःच फोडतात, आणि सकाळी बघावं तर कुलूप जसंच्या तसं!" लोक पोट धरून हसायचे. मीही हसायची. त्यात कौतुक होतं, असं मी स्वतःला बजावत असे.

महिन्याभरात मागच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचं दार अडकलं. बाबा गेले. बाईंनी मदतीला म्हणून दीर बोलावून ठेवला होता, आणि तो सगळा वेळ बाबांच्या हातांवर नजर ठेवून उभा होता. दार उघडलं. बाबा नेहमीसारखे उठून पाठ करून उभे राहिले, तर तो म्हणाला, "काका, रात्री आमच्या स्वयंपाकघराकडे नाही ना येणार?" हे मला त्या बाईंनीच सांगितलं, आपला दीर किती गमत्या आहे ते कळावं म्हणून.

बाबांनी घरी येऊन तारांची पिशवी माळ्यावर टाकली. "नजर गेली आता," म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं, दगदग वाचली. त्यानंतर कुणाचंही दार उघडायला ते गेले नाहीत. नुसत्या किल्ल्या घासून द्यायचे. भाजीला जाणारी माणसं आता टपरीसमोर थांबून राहू लागली, किल्ली हातात पडेपर्यंत. सकाळी आकडा चढलेला दिसला की मी भुवई उंच करायची आणि ते आपणहून म्हणायचे, "खाल्लं गं." मी विचारायचंही सोडून दिलं होतं.

चार वर्षांनी एका दुपारी टपरीतच त्यांचं हृदय थांबलं. झेरॉक्सवाल्याने मला शाळेत फोन केला. पकडीत अर्धी घासलेली किल्ली तशीच होती.

याला आता बारा वर्षं झाली. मी त्याच घरात राहते, एकटी. गेल्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली. मला आश्चर्य वाटलं नाही, बापाचं काहीतरी पोरीकडे यायचंच. नवं यंत्र आणलं, नवी वही केली, तेच दोन रकाने आखले. रात्री एकशे सव्वीस. सकाळी एकशे शहाऐंशी.

आकडा बघून मी पहिली गोष्ट काय केली असेल? उठून कपाट बघायला गेले. घरात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही, आणि मी कपाटातल्या साखरेची पातळी बघत होते. हात दारावर तसाच राहिला. रात्री दहापासून मी पाण्याच्या थेंबालाही शिवले नव्हते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मी या वेळी वही पुढे ठेवली. त्यांनी पान बघितलं न बघितलं आणि म्हणाल्या, "हे बऱ्याच जणांचं होतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, तेव्हा यकृत आपणच रक्तात साखर सोडतं. मधुमेहात ती आवरली जात नाही. गोळीची वेळ बदलून बघू."

"म्हणजे काही न खाता वाढते?"

"काही न खाता."

एवढंच. एखादी गोष्ट समजवायला मला वर्गात अख्खा तास लागतो, त्यांना अर्धं मिनिट लागलं. मी विचारलं, "रात्री चोरून खाल्लं, असं समजायचं नाही ना?" त्या हसल्या. "चोरून? तुम्ही तर एकट्या राहता ना?"

घरी येऊन मी जुनी वही काढली. तारीख शोधावी लागली नाही, लाल शाई लांबूनच दिसली. बिस्किटं ४. कबूल.

बिस्किटं तर घरात नव्हतीच. अख्खा डबा मी पहिल्याच दिवशी शिपाईमावशींना देऊन टाकला होता आणि पुन्हा कधी आणला नव्हता. सोळा वर्षांनी हे सुचलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते मला त्याच सकाळी आठवलं होतं, शाळेत जायला चपला घालताना. क्षणभर थबकले होते. मग दार ओढून घेतलं, कारण बाबांनी कबूल केलं होतं आणि मला शाळेला उशीर होत होता.

मी विचारलं, काय खाल्लंत, तेव्हा ते थांबले होते. कपाटात काय काय असेल, याचा अंदाज बांधत होते. मी मागाहून त्यात काय काय आणून ठेवलं, ते त्यांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. रोज सकाळी मी ते उघडायची, तेव्हा त्यांची पाठ असायची.