दादाच्या कॉम्प्युटरवर माझा ब्राउझर

राहनाळच्या आमच्या शेतावर दादानं गोदामं बांधली. त्याच्या ऑफिसात बिलं टाइप करायला मी होते, त्याची सख्खी बहीण, लग्न होऊन कशेळीला गेलेली. एक दिवस तो सहज म्हणाला, "पुढच्या महिन्यात हक्कसोडपत्रावर सही करायची हाय. सगळ्या बहिणी करतात." बापाच्या जमिनीवरचा हक्क मी सोडायचा, का तर सगळ्या सोडतात म्हणून!

दुपारी तो जेवायला गेल्यावर मी इंटरनेटवर मुलीचा वाटा शोधला आणि विंडो बंद केली. बंद केली म्हणजे संपलं, अशी माझी भोळी समजूत. दुसऱ्या दिवशी दादानं डिझेलचा भाव बघायला नुसतं 'डी' दाबलं, तर त्या मेल्या ब्राउझरनं 'डॉटर शेअर इन फादर्स लँड' काढून दाखवलं.

दादानं ते मोठ्यानं वाचलं. वहिनीसमोर, हमालांसमोर. "घरातच चोर निघाला!" अरे, चोर मी? अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर म्हणतो कसा, "उद्या वेळेवर ये, बिलं पडलीत."

मी टायपिंग शिकले त्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे तडक गेले. त्यांनी जुनं शोधलेलं कसं पुसायचं ते दाखवलं आणि दुसरा ब्राउझर पेनड्राइव्हवर टाकून दिला. "बंद केला की काय शोधलं ते सगळं पुसतो, ताई. पेनड्राइव्ह तेवढा काढून न्या." ब्राउझर निवडता येतो, हे इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. समोर ठेवलं ते मुकाट वापरत आले, याचा स्वतःवरच राग आला.

मग रोज दुपारी डबा बाजूला सारून वाचत बसले. दादाही रोज 'डी' दाबून बघायचा. मिळायचं काय, डिझेल!

कागद आले तेव्हा आईकडे सगळे जमले. मी पेन परत केलं. "माझ्या सहीशिवाय माझा वाटा सुटत नाही, दादा. आणि सही मी देणार नाही."

"कुणी भरवलं हिला?" दादा ओरडला आणि कागद उचलून निघून गेला.

आई डोळे पुसत होती. वाटलं, आता ही मलाच बोलणार. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याजवळ सरकली.

"मी पन माझ्या भावांना अंगठा दिला व्हता. दिलेला अंगठा परत घेता येतो का गो? बघ जरा. पन कुनाला कळायला न्हाय पायजे."